आत्याची तीन मिनिटं

मी मुलखाची भोचक. नारायणगुड्यात आमच्या घराजवळ इंटरनेट कॅफे उघडला, तेव्हा माझ्या वयाची पोरं तिथं परदेशातली कॉलेजं शोधायची, नाहीतर प्रेमात पडायची. मी चॅटरूममध्ये शिरून अनोळखी माणसांना त्यांच्या नोकऱ्यांविषयी विचारत बसायचे. समोरचा आधी वय विचारायचा, मग बाई की पुरुष, मग गाव. मी उलट विचारायचे, ‘आज कामावर काय झालं?’ निम्मे तिथंच पळून जायचे. उरलेले मात्र भडाभडा बोलायचे. नॉर्वेतला एकजण दिवसभर माशांचे काटे काढायचा आणि घरी येऊन नुसते बटाटे खायचा. नागपूरचा एकजण वैमानिक होता. चार प्रश्न विचारल्यावर तो अकरावीत निघाला.

त्याच दिवसांत आमच्या आत्याच्या नोकरीचं घोंगडं भिजत पडलं होतं. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. तिनं लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच राहायची. आबिड्सजवळच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. पूर्वी परगावी फोन करायचा तर आधी अशा ऑपरेटरला नंबर सांगावा लागे. ती जोडून द्यायची आणि तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन तसं सांगायची. लोकांचं बोलणं ऐकायची मात्र सक्त मनाई. आता गल्लोगल्ली एसटीडी बूथ झाले, लोक आपापले नंबर फिरवू लागले आणि तिचा विभाग बंद व्हायला आला. शनिवारपर्यंत तिला कळवायचं होतं: मुदतीआधी निवृत्ती, की तक्रारींच्या खिडकीवर बदली.

घरच्यांनी तिच्या वतीनं ठरवूनही टाकलं होतं. “निवृत्ती घे, अक्का,” वडील म्हणायचे. “त्या खिडकीवर बसून रोज लोकांच्या शिव्या खायच्या का?” आई म्हणायची, “आता आराम करा, वन्सं.” आत्या फक्त “बघू” म्हणायची. एरवीही तिच्याशी कुठलंच बोलणं तीन मिनिटांपुढं जात नसे. घड्याळ ती मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची. त्यावर एक नजर टाकायची आणि उठायची. आम्ही त्यावरून तिची यथेच्छ थट्टा करायचो. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी मी, पण तिला कधी काही विचारावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

गुरुवारी दुपारी ती आपण होऊन म्हणाली, “काय करायलीस गं रोज तिथं? मला दाखव.”

पर्स मांडीवर घेऊन ती माझ्याशेजारी बसली. त्या दिवशी मला हॉलंडमधला एक माणूस भेटला. कालव्यावरचा पूल बोटींसाठी वर करायचा आणि बोट गेली की खाली घ्यायचा, हे त्याचं काम. मग तिथं यंत्र आलं आणि तो घरी बसला. माझे प्रश्न रंगात आले होते, तेवढ्यात आत्यानं मनगट उताणं केलं.

“लिही, तीन मिनिटं झाली.”

“आत्या, इथं तसं नसतं.”

“लिही म्हणते ना.”

मी लिहिलं. ‘कशाची तीन मिनिटं?’ त्यानं विचारलं. मग शेजारी कोण बसलंय, तिचं काम काय आणि शनिवारपर्यंत काय ठरवायचंय ते सांगणं भाग पडलं. त्यानं थेट तिलाच प्रश्न टाकला, ‘या कामातलं तुमच्या मनात काय राहिलं?’

आत्यानं कीबोर्ड स्वतःकडे ओढला. एका बोटानं एकेक अक्षर शोधत तिनं इंग्रजीत लिहिलं, ‘एक बाई रोज मुंबईचा नंबर मागायची. मुलगा दवाखान्यात आहे, असं तिनंच सांगितलं होतं. मी जोडून द्यायची आणि बाजूला व्हायची. एक दिवस तिनं नंबर मागितलाच नाही. तो बरा झाला की नाही, मला अजून माहीत नाही.’

इतकी वर्षं एका घरात राहून हे मला हॉलंडमार्गे कळत होतं.

‘मग घरी बसू नका,’ त्यानं लिहिलं. ‘मी बसलोय.’

कॅफेवाला आमच्या मागे येऊन उभा राहिला. “अम्मा, टाइम हो गया.”

“होने दो मियाँ,” आत्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “और आधा घंटा लगाव.”

शनिवारी तिनं खिडकीवरची बदली मागितली. वडील दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत.

महिन्याभरानं उंदरांनी तार कुरतडून आमचा फोन बंद पाडला, म्हणून मी तक्रार द्यायला गेले. रांग मारुतीच्या शेपटाएवढी, आणि जागची हलेना. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचा फोन बंद होता आणि मुलगी गुलबर्ग्याला बाळंतपणाला टेकलेली. आत्यानं तक्रार लिहून घेतली होती, पण पेन खाली ठेवून ती विचारत होती, “फिर? खबर आयी क्या?” शेजाऱ्यांच्या फोनवर खबर आल्याचं ते सांगू लागले. मुलगी झाली होती. आत्यानं वजनही विचारून घेतलं. मागचे लोक चुळबुळ करत होते.

माझी पाळी आली. आत्यानं कोरा कागद पुढं ओढला. तिच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, पट्ट्याखालची पांढुरकी कातडी तेवढी दिसत होती.

“बोल,” ती म्हणाली.

उंदीर, तार सगळं राहिलं. मी विचारलं, “आत्या, आज कामावर काय झालं?”

तिनं पेन खाली ठेवलं आणि सांगायला लागली.