बाबांची लेन्स आणि सांगलीची रिंग

चहा आधी घ्या. आणि एक सांगून ठेवतो, मधे कुणी हसायचं नाही. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच उठून जावं. ही गोष्ट आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि तो राग काढायचा कुणावर हे अजून ठरलेलं नाही. का ठरलेलं नाही ते कळेलच तुम्हाला.

वाईत आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांपासूनचा. बाबा रोलवर फोटो काढायचे, मोठ्या चौकोनी कॅमेऱ्यानं. मान खाली घालून वरून बघायचं त्यात. आख्ख्या वाईची लग्नं त्या कॅमेऱ्यानं बघितली. पुढं बाबा गेले, रोल बंद झाले, कॅमेरा कपाटात गेला. पण त्याची लेन्स! काय काच आहे म्हणून सांगू. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना तिची सर नाही. हे मी रोज कुणाला तरी ऐकवतोच, बायको साक्षीला आहे.

गेल्या वर्षी छातीवर दगड ठेवून मी नवा मिडियम फॉरमॅट कॅमेरा घेतला. डिजिटल. ह्याचा आतला सेन्सर साध्या कॅमेऱ्यापेक्षा मोठा, फोटो भिंतीएवढा केला तरी फाटत नाही. किंमत विचारू नका, बायकोलाही खरी सांगितलेली नाही. एवढं केल्यावर त्याची नवी लेन्स घेणं कुठलं जमतंय? म्हणलं, बाबांची आहे की. मधे फक्त एक रिंग लागते. अडॅप्टर म्हणतात तिला. एका बाजूला जुनी लेन्स बसते, दुसरी बाजू नव्या कॅमेऱ्यावर. ती सांगलीत एका दुकानात मिळाली. दुकानदाराला सगळे अण्णा म्हणतात. फार गोड बोलणारा माणूस. मला गोड बोलणारी माणसं पहिल्यापासून आवडत नाहीत.

घरी येऊन रिंग लावली, लेन्स लावली, बटण दाबलं. कॅमेरा ढिम्म. पडद्यावर काय लिहून आलं असेल? लेन्स लावलेली नाही.

लावलेली नाही काय? एवढी जड लेन्स तुझ्या तोंडावर बसवलीय आणि तुला दिसत नाही? मी कॅमेऱ्याशी भांडायला लागलो म्हणून बायको, सुनीता तिचं नाव, स्वयंपाकघरातून बघून गेली. मी तिथल्या तिथं सांगलीला फोन लावला.

"अण्णा, तुमच्या रिंगनं माझा कॅमेरा आंधळा केलाय."

"तसं न्हाई साहेब," अण्णा म्हणाला. "जुनी लेन्स कॅमेऱ्याशी बोलत न्हाई, म्हणून त्याला ती हाय का न्हाई कळत न्हाई. मेनूत जावा, 'लेन्सशिवाय फोटो' असं काहीतरी असंल, तेवढं चालू करा."

चालू केलं. फोटो निघाला. आता माणसानं सॉरी म्हणावं की नाही? मी म्हणलं, "हे विकताना सांगायला काय झालं होतं?" आणि फोन ठेवून दिला.

इथपर्यंत ठीक होतं. मग आली दिवाळी.

माझे सासरे सुभेदार म्हणून रिटायर झालेले. मी त्यांना मामा म्हणतो, सुनीता आबा. गाव तासगावकडं. त्यांना दोन मुलं, महेश आणि रणजित, दोघंही फौजेत. एक वर बर्फात, एक तिकडं आसामात. दोघांना एकदम सुट्टी म्हणून मिळत नाही. एक घरी आला की दुसरा नुकताच गेलेला असतो. मामांची एकच इच्छा होती, मधे आपण कोटावर मेडलं लावून, दोन बाजूला दोन पोरं वर्दीत, असा एक फोटो घरात लागावा. आणि यंदा भाऊबीजेला दोघं एकदम आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरजेहून दोघांचीही गाडी.

मामांचा मला फोन आला. "जावाय, कॅमेरा घिऊन या. पुन्हा ह्यो योग कवा यील काय सांगता येत न्हाई. आन माझं बी वय झालंय आता."

मामा असं कधी बोलत नाहीत. मी म्हणलं, "मामा, असा फोटो काढतो की गाव बघत राहील."

भाऊबीजेला ओवाळणं झालं आणि अंगणात तिघांना उभं केलं. हलू नका म्हणून ओरडलो. फौजी माणसं ती, त्यांना हे सांगावं लागतं का? पण मी सांगितलंच. लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोकस नेमका धरला, मग तिघंही एकसारखे कडक यावेत म्हणून तिचं छिद्र अगदी बारीक केलं, आणि धडाधड फोटो काढले. उन्हात मागचा पडदा काही दिसत नव्हता. तरी चष्मा लावून सावलीत बघायला पाहिजे होतं. पण बाबांच्या लेन्सवर संशय घ्यायचा म्हणजे बाबांवरच घेतल्यासारखं, म्हणून बघितलंच नाही.

सकाळी सगळ्यांना बोलावून लॅपटॉप उघडला. फराळाची ताटं मांडीवर. फोटो मोठा केला आणि सगळे पुढं सरकले.

सुनीता म्हणाली, "अगंबाई, रणजितच्या गालावर तीट कुणी लावली?"

महेशच्या ओठावर एक काळा ठिपका होता. वर्दीवर दोन होते. आणि सगळ्यात मोठा होता मामांच्या तोंडावर.

मामा वाकून बघायला लागले. "जावाय, माझा एक डोळा कुठं गेला?"

"मामा, कॉम्प्युटरवर पुसतो मी तो ठिपका."

"पुसला की खाली काय निगंल?"

काय निघणार? काहीच नाही. तिथं डोळा आलाच नव्हता. दुसऱ्या फोटोतला उचलावा म्हणलं तर सगळ्या फोटोत तेच ठिपके, त्याच जागी. मी पुढची काच पुसली, परत तिघांना आहे त्या कपड्यात अंगणात उभं केलं, परत काढले. आता मामा जरा सरकून उभे राहिले होते, तर डोळा आला आणि नाक गेलं.

रणजित हळूच म्हणाला, "दाजी, मोबाईलवर काढू का एखादा?"

मी त्याच्याकडं असं बघितलं की सीमेवर कुणी त्याच्याकडं तसं बघितलं नसेल.

मग मी डोकं चालवलं. लेन्स बाबांची, ती चुकणार नाही. कॅमेरा नवाकोरा, एवढा पैसा ओतलाय, तो चुकणार नाही. मी तर चुकायचा प्रश्नच नाही. मग उरलं कोण? रिंग. तिच्या आतला काळा रंग सुटून सेन्सरवर पडतोय. त्या सांगलीच्या गोडबोल्यानं मला सुटक्या रंगाची रिंग विकली. झालं, माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मामा, आपल्याला फसवलंय," मी म्हणलं.

हे मी सुभेदाराला सांगायला नको होतं. मामा उठले, कोट चढवला, मेडलं लावली. "महेश, रणजित, वर्दी घाला. पिशव्या गाडीत टाका. दुकानदारानं रिंग बदलून द्यायची, तिथंच फोटू काढायचा, आन तिथनंच मिरजंला जायाचं. बघू कसा देत न्हाई."

सुनीता म्हणाली, "आबा, आधी जरा फोन करून विचारायचं तरी."

"तू मधे बोलू नको," मी म्हणलं. तिला काय कळतंय लेन्समधलं?

तर दुपारी सांगलीत त्या दुकानासमोर आमची जीप थांबली. दोन फौजी वर्दीत उतरले, मागून मेडलं लावलेले सुभेदार, त्यांच्या मागं सुनीता, आणि सगळ्यांच्या पुढं मी. दुकानातली गिऱ्हाईकं बाजूला झाली. रस्त्यावरची चार माणसं दारात येऊन उभी राहिली. अण्णाच्या तोंडावरचं हसू मावळलं, तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

"बसा साहेब. पाणी घ्या आधी," अण्णा म्हणाला.

"पाणी नको. ह्या माणसाची पोरं आज परत ड्युटीवर निघालीत. त्यांचा एक फोटो पाहिजे होता, तो तुमच्या रिंगनं घालवला. देशासाठी उभी राहणारी माणसं आहेत ही."

देश मधे आणायची काही गरज नव्हती. पण दारात माणसं ऐकत होती.

"रिंगला काय झालं साहेब?"

"रंग सोडते. आतनं नुसता चुरा पडतोय सेन्सरवर."

"आतला रंग असा सुटत न्हाई साहेब. मी बघू का जरा?"

"तुम्ही हात लावायचा नाही," मी म्हणलं. "मीच दाखवतो. सगळ्यांसमोर दाखवतो."

लेन्स कॅमेऱ्यावरून काढली. रिंग तिलाच होती, ती फिरवून सोडवली. अण्णानं काउंटरवर पांढरं फडकं अंथरलेलं होतं. त्याच्यावर रिंग पालथी धरली आणि वरून दोन थापा मारल्या. "हे बघा. हे बघा काय विकता तुम्ही लोकांना."

फडक्यावर पडलं ते सगळ्यांनी बघितलं. आधी हळद पडली. मग कुंकू. मग दोन अक्षता. आणि शेवटी, जरा थांबून, झेंडूची एक वाळकी पाकळी.

अण्णानं त्या फडक्याकडं बघितलं आणि सवयीनं हात जोडले. त्याचं बघून रणजितनं जोडले. दारातल्या एका आजोबांनी तर चप्पल काढली.

"ही पूजा कुणी केली?" मामांनी विचारलं.

मी सुनीताकडं बघितलं. आता तरी ही संसाराला जागेल असं वाटलं होतं. पण सकाळी मीच तिला गप्प बसवलेलं.

"आबा, मी न्हाई केली," ती म्हणाली. "खंडेनवमीला मी कॅमेऱ्याला कुंकू लावाय गेले तर हे केवढ्यानं तरी खेकसले. म्हणले, नव्या कॅमेऱ्याला हात लावायचा न्हाई, एक कण आत गेला तर वाटोळं हुईल. म्हणून यांनी स्वतः बाबांची लेन्स पुजली. रिंग लावलेली, पाटावर पालथी ठेवून. वाटीगत दिसत हुती. त्यातच हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी फूल काढलं आणि झाकण लावून टाकलं."

एकेक शब्द खरा होता. मला त्या पाटाचा रंगसुद्धा आठवला. बाबांच्या फोटोसमोर डोळे मिटून उभा होतो मी, आणि वर तिला सांगत होतो की जुन्या वस्तूला मान द्यायला शीक.

मला राग आला. पण कुणाचा यायला पाहिजे होता? बायकोचा? ती खरं बोलत होती. अण्णाचा? तो ती पाकळी जपून कागदात बांधत होता, निर्माल्य म्हणून. मला इतका राग आला आणि तो ठेवायला जागाच मिळेना. मी शेवटचा प्रयत्न केला. "पण रिंगला आतून जाळी बिळी तरी पाहिजे होती."

"जाळी लावली तर फोटू जाळीचा यील साहेब," अण्णा म्हणाला. तेही गोड आवाजात.

त्यानं कॅमेरा घेतला, हवेच्या फुग्यानं आतला चुरा उडवला, मऊ पट्टीनं सेन्सर पुसला, रिंग साफ केली, लेन्स बसवली. मला कशालाही हात लावू दिला नाही. मीही लावायला गेलो नाही.

मामांनी घड्याळ बघितलं. गाडीची वेळ होत आली होती. मी कॅमेऱ्याकडं निघालो तसा त्यांनी हात आडवा केला.

"अण्णा, फोटू तुमी काढा. जावाय, तुमी हिकडं या. आमच्या संगं उभं ऱ्हावा. कॅमेऱ्यापासनं जरा लांबच बरं."

दुकानाबाहेरच्या भिंतीशी आम्ही उभे राहिलो. मधे मामा, दोन बाजूला दोन पोरं, आणि कडेला मी. समोर माझा कॅमेरा, माझ्या बापाची लेन्स, आणि तिच्या मागं तो अण्णा. जन्मभर मी लोकांना जे सांगत आलो ते तो मला सांगत होता. "साहेब, जरा हसा की."

नाही हसलो. त्यानं बटण दाबलं. आम्ही मिरज गाठली, पोरं गाडीत बसली, आणि मामा प्लॅटफॉर्मवरून घरापर्यंत गालातल्या गालात हसत आले.

फोटो अप्रतिम आलाय, हे मला कबूल करावं लागतं. मामांचे दोन्ही डोळे आहेत आणि दोन्हीत पाणी आहे. पोरांच्या वर्दीवरच्या इस्त्रीच्या घड्या मोजून घ्याव्यात. मामांनी तो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावलाय, आणि कुणी आलं की मी असलो तरी नसलो तरी दाखवतात. हा महेश, हा रणजित. मग पाहुणा माझ्याकडं बोट करतो. हे रागीट दिसणारे कोण?

"ते आमचं जावाय," मामा सांगतात. "वाईचं लय मोठं फोटूग्राफर हायती."

"व्हय?" पाहुणा म्हणतो. "मग फोटू कुणी काढला?"