बाबाचा रेडिओ मागं पडला

लोकहो, आज माह्यामुळं बाबाची यवतमाळची एसटी चुकली.

आमच्या आर्णीत बाबाच्या जुन्या रेडिओवर आता नुसती खरखर येते. म्हणून मी नेटवरचं तेच स्टेशन जुन्या कॉम्प्युटरवर एमपीथ्रीत बदलून घरच्या वायफायवरच्या स्पीकरले जोडून देल्लं. कापसाचा भाव साफ ऐकू आला, बाबा खूश!

पण नेट तुटून परत आलं की ते थांबलं तिथूनच पुढं वाजते. आठवडाभरात रेडिओ अकरा मिनिटं मागं पडला. आन् बाबा भिंतीवरचं घड्याळ रोज सातच्या बातम्यांवर लावते.

तीन महिने वाट पाहून यवतमाळले डोळे तपासायची आजची तारीख भेटलती. स्टँडवर पोचलो तं गाडी निघून गेलती. मी मोबाईलमधला टाइम दाखवला.

बाबा म्हणे, "मोबाईल चुकला असन. चाळीस वर्षांत रेडिओ कधी चुकला काय?"

दुपारी मी सगळं बंद-चालू केलं, घड्याळ बरोबर लावलं. संध्याकाळपर्यंत रेडिओ पुन्हा चार मिनिटं मागं. सातच्या बातम्या लागल्या आन् बाबा डोळे बारीक करत स्टुलावर चढले, घड्याळ मागं करायले.

तुम्ही काय सांगतलं असतं? मी तं स्टूल धरून उभा होतो.