साळवे मास्तरांनी थांबवलेली मालगाडी

देवळाली प्रवराचे इम्मानुएल साळवे मास्तर तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि मालगाड्या बघायला लागले. रोज सकाळी स्कूटरवरून ते स्टेशनपुढच्या फाटकापाशी जायचे आणि बंदराकडे निघालेली कंटेनरची गाडी आली की हात हलवायचे.

नाताळात त्यांच्या बायकोने, दयाबाईंनी, त्यांना लालभडक मफलर विणून दिला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तोच काढून जोरजोरात हलवला. स्टेशनातून हळूहळू निघालेली गाडी करकरत त्यांच्यासमोर थांबली.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “काय झालं? रूळ तुटलाय का?”

घाबरून मास्तरांच्या तोंडून गावची भाषा निघाली. “न्हाई, न्हाई! मी आपला नमस्कार करत हुतो.”

“लाल फडकं हलवून? शिकलेले दिसता की!”

पण मास्तरांना इतक्या वर्षांत ड्रायव्हर पहिल्यांदाच बोलायला सापडला होता. “एकच विचारतो, साहेब. जन्मभर पोरांना बंदरं शिकवली, पण एकही पाहिलं नाही. तिथं जहाज केवढं दिसतं हो?”

ड्रायव्हरचा आवाज एकदम खाली आला. “मला काय माहीत? माझी ड्यूटी दौंडलाच संपते. पुढं दुसरा नेतो.” गाडी सुरू करता करता तो म्हणाला, “तुम्ही जाऊन या की एकदा. आणि मलाही सांगा.”

संक्रांतीच्या आत मास्तर दयाबाईंना घेऊन बंदर बघून आले. आता सांगण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून ते रोज फाटकापाशी उभे राहतात. पण गाडी काही थांबत नाही.