पडायच्या आधीचा अर्ज

माणसं म्हातारपणानं, आजारानं किंवा नशिबानं मरतात, हे आमच्या बंगलोरच्या घरमालकांना कधीच पटलं नाही. त्यांच्या मते माणूस मरतो तो कठडा नसल्यामुळं. बाकी सगळी कारणं डॉक्टरांनी काढलेली. नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलो होतो आणि के. आर. पुरमला त्यांच्या वरच्या खोलीत राहत होतो. ते मूळचे निपाणीकडचे, पण पन्नास वर्षं इथंच मुरलेले. त्यातली तीस एका कारखान्याच्या सेफ्टी खात्यात गेली. नोकरी सुटली, सेफ्टी काही सुटली नाही.

खोली दाखवताना भाडं सांगायच्या आधी त्यांनी मला जिना उतरायला शिकवलं. "ओ पुणेकर, हात कठड्याला, नजर पायाला आणि तोंड बंद. बोलत बोलत उतरतो तो उतरत नाही, पडतो." पाहुण्याला खुर्ची द्यायच्या आधी ती तीनदा हलवून बघायचे, मग स्वतः बसून बघायचे, आणि एकदा पसंत पडली की उठायचंच विसरायचे. पाहुणा बिचारा उभा! पंख्याखाली झोपायला सक्त मनाई असल्यानं त्यांच्याकडे मुक्कामाला आलेले नातेवाईक भिंतींच्या कडेकडेनं झोपत. कुकर चढला की घर रिकामं करायचं. "तीस वर्षं झाली, शिट्ट्या मी अंगणात उभी राहून मोजतेय बघा," असं काकू मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गृहस्थ मांडवामागं जाऊन खांब हलवून बघत होते. मांडव पडला नाही, पण दिव्यांची माळ नवरीच्या मामाच्या डोक्यावर आली. "बघा, सांगत नव्हतो?" म्हणून त्यांनी समाधानानं दोनदा जिलबी वाढून घेतली.

आणि नेमकी अशा माणसाच्या घरासमोर, रस्त्यापलीकडं, चार मजली इमारत उठायला लागली. निलगिरीचे वासे काथ्यानं बांधलेले, त्यावर एक फळी टाकलेली, आणि तिसऱ्या मजल्याच्या त्या फळीवरून बायका डोक्यावर घमेली घेऊन ये-जा करायच्या. कठडा नाही, जाळी नाही, काही म्हणजे काही नाही. घरमालकांचं जेवण तुटलं. घास तोंडाशी न्यायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि "गेली, गेली!" म्हणून ओरडायचे. जात कुणीच नसे, काकूंच्या हातातली पळी तेवढी जायची. त्या बायकांत रायचूरकडची यल्लव्वा नावाची एक होती. ती तर फळीच्या मध्यावर थांबून खालच्या बाईशी गप्पा मारायची, आणि तिच्या गप्पा संपेपर्यंत हे श्वास धरून बसायचे. "मरंल ओ ती एक दिवस," ते मला म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग सुरक्षा तपासणीसाठी अर्ज सुरू झाले. टाइप करायला अर्थातच मी. कचेरी कुठली ते जाऊ द्या, पण तिथला संवाद त्यांनी इतक्यांदा ऐकवला की मला तोंडपाठ झाला.

"कोण पडलं, सार?" कारकुनानं विचारलं.

"अजून कोणी नाही."

"मग स्वल्प थांबा. पडल्यावरचा फॉर्म वेगळा असतो."

"पडू नये म्हणून तर अर्ज आहे ओ!"

"तसा फॉर्म नाही. बाधित व्यक्तीला तक्रार करता येते. तुमच्या घरावर काही पडतं का?"

"मध्ये रस्ता आहे."

"मग तुम्ही बाधित नाही, सार."

आठ अर्ज झाले. आठही वेळा ते बाधित नव्हते. नववा अर्ज दिला त्या सकाळी त्यांनी कारखान्यातलं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं, वेताची खुर्ची उचलली, आणि बरोबर त्या फळीखाली, सरकारी रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. "झालो बाधित," म्हणाले. काकूंनी कपाळाला हात लावला आणि डबा पाठवून दिला.

कॉन्ट्रॅक्टर धावत आला. "अज्जा, इथं नका बसू. डोक्यात वीट पडेल."

"पडेल ना? तेवढं लिहून द्या."

"तसं नाही, अज्जा... पडणार नाही."

"सरी, ठीक आहे. मग बसतो."

दुसऱ्या दिवशी त्या भल्या माणसानं इमारतीवर लाल जिभेची राक्षसाची बाहुली टांगली, दृष्ट लागू नये म्हणून. घरमालकांनी वर बघून शांतपणे विचारलं, "किती किलो पेलते ही?" तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या खुनाचा आळ नको म्हणून त्यानं मुकाट्यानं नायलॉनची जाळी आणली आणि पहिल्या मजल्याच्या उंचीवर, खुर्चीपुरती, ताणून बांधली. चौथ्या दिवशी यांनी खुर्ची चार पावलं सरकवली. जाळीही सरकली म्हणजे वाढली. कॉन्ट्रॅक्टर शिव्या देत बांधायचा, हे पेपर वाचत सरकायचे. असं करत करत महिन्याभरात खुर्ची इमारतीला प्रदक्षिणा घालून आली आणि चारही बाजूंना जाळी लागली. ऑफिसच्या बसमधून हा सोहळा बघताना मी रोज मान खाली घालायचो. लोक विचारायचे, "ते तुमचेच ना?"

एका रविवारी दुपारी ती फळी निसटली. मी वरच्या खिडकीत होतो. यल्लव्वा घमेल्यासकट खाली आली आणि जाळीत पडली. मी धावत गेलो. ती जाळीत बसून आपले हातपाय चाचपत होती. मग खाली वाकून बघत म्हणाली, "अज्जा, तुम्हाला लागलं नाही ना?" आमचे घरमालक अंगभर सिमेंट घेऊन उभे होते आणि लहान मुलासारखे मोठ्यानं रडत होते. महिनाभर मी या माणसाला हसत होतो याची मला तेव्हा फार लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात तपासनीस आला! नवव्या अर्जाला यश आलं होतं. त्यानं सगळीकडे फिरून जाळी ओढून बघितली. "कोणी पडलं का?"

"पडली. पण जाळीत."

"मग पडली असं म्हणता येणार नाही," म्हणून त्यानं शेरा मारला. जागेवर पुरेशी सुरक्षा आढळली. तक्रार निराधार. तक्रारदारानं बांधकामाखाली बसू नये, अशी समज देण्यात येत आहे.

माझं डोकं फिरलं. मी उलट अर्ज टाइप करायला निघालो, तर घरमालक तो कागद छातीशी धरून म्हणाले, "अहो, निराधार! माझी तक्रार निराधार निघाली! जावा, धारवाडी पेढे आणा." पहिला पेढा त्यांनी कॉन्ट्रॅक्टरला दिला.

इमारत पुरी झाली आणि मजूर सामान घेऊन लॉरीत चढले. नवं काम पार शहराबाहेर, देवनहळ्ळीकडं होतं, सहा मजली. घरमालक निरोप द्यायला गेले, मीही गेलो. यल्लव्वानं लॉरीतून वाकून विचारलं, "अज्जा, तिकडं कोण बसणार?"

ती हसत हसतच म्हणाली. लॉरी गेली तरी घरमालक तसेच उभे राहिले. काकूंनी दोनदा हाक मारली. मग हळूच मला म्हणाले, "सहा मजली आहे म्हणे, ओ पुणेकर." त्या वर्षांत बंगलोरात जिकडं बघावं तिकडं इमारती उठत होत्या, आणि खाली बसणारा माणूस आमच्याकडं एकच होता, तोही शहात्तर वर्षांचा.