आधी गळा, मग पोट

शिरपूरच्या दवाखान्यातल्या सुईण अक्का गरोदर बाईच्या पोटाला हात लावायच्या आधी तिचा गळा चाचपायच्या. तोही उभ्याउभ्या. बसणं म्हणून त्यांना ठाऊकच नव्हतं. चहासुद्धा ओसरीत येरझाऱ्या घालत प्यायच्या. बघणाऱ्याचाच जीव घाबरा व्हायचा!

माझं पोट दोनदा पडलं होतं. तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा घरात ह्यांच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू झाली होती. मी दिवसभर पेंगायची, वैशाखात गोधडी मागायची. "आळशी शे मेली," सासूबाई म्हणायच्या. अक्कांनी माझा गळा दाबून पाहिला, घोगरा आवाज ऐकला, सुजलेली बोटं उलटीपालटी केली. "आळशी नही शे ती, आजारी शे. ऊठ माय, धुळ्याले चाल."

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गलगंड आहे. गळ्यातली ग्रंथी नीट काम करत नाही, म्हणून अंग सुस्त आणि मूलही टिकत नाही. रोज एक गोळी घ्यायची, बाळंतपणानंतरही. त्या काळी ही गोळी मेंढीच्या गळ्यातल्या ग्रंथीपासून करायचे. आणि आमचं घर कडक शाकाहारी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही! परतताना मोटारीत मी अक्कांचे हात धरले, "घरी सांगू नका हो."

"लपाडीसन घेशी, नि एक दिन धाकमा फेकी देशी," त्या म्हणाल्या, आणि दारातच सासूबाईंना सगळं सांगून मोकळ्या झाल्या. असा राग आला मला त्यांचा!

सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. अक्का येऊन अंगणात फेऱ्या मारायच्या. "पाप मना माथे घाला, पन गोळी द्या." तिसऱ्या सकाळी सासूबाईंनी गोळी स्वतः माझ्या तळहातावर ठेवली आणि लगेच आंघोळीला गेल्या. पुढे रोज तसंच. अक्का दर आठवड्याला गळा आणि नाडी बघून जायच्या. अंगात ऊब आली, पेंग उतरली, तरी नववा महिना सरेपर्यंत कुणाच्याच जिवाला थारा नव्हता.

मुलगी झाली. खणखणीत रडली. अक्कांनी तिला पुसून सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. मी अक्कांना विचारलं, "हे गळ्याचं तुम्हाला शिकवलं कुणी?"

त्या खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या.

"मनी सूननी. मीच तिले आळशी म्हने, बठ्ठा गावमा सांगत फिरू. तिना गळा सुजेल व्हता, रोज दखू, पन कधी इचारं नही. लेकरू पोटमा लिसनच मरी गई ती."

मग सासूबाई उठल्या आणि बाळ त्यांनी माझ्याआधी अक्कांच्या हातात दिलं.