खिळ्यावरच्या अकरा चाव्या

जीपच्या स्टँडवर नंबर यायला दीड-दोन तास लागतात. तेवढ्या वेळात ड्रायव्हर माणूस एक तर झोपतो, नाही तर किस्से सांगतो. मला हल्ली झोप येत नाही. त्यामुळे किस्से साचत गेले, जशा आमच्या घरी खिळ्यावर चाव्या साचल्या. अकरा डुप्लिकेट चाव्या, सगळ्या एकाच जुन्या जीपच्या, सगळ्या मीच स्वस्तात बनवून आणलेल्या आणि एकही धड न लागणारी!

जीप माझ्या थोरल्या भावाची, सुधाकरभाऊची. तेलंगणात, वांकिडी ते आसिफाबाद. एक फेरी तो मारायचा, एक मी. असली चावी त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात. ती माझ्या हाती द्यायची नाही, हा त्याचा कायदा. कायदा का झाला ते आधी सांगतो.

*

गाडी घेतली तेव्हा असल्या चाव्या दोन होत्या. दुसरी माझी. पहिल्याच हंगामात आम्ही कापसाचं भाडं घेतलं. मी मागे चढून पायानं कापूस दाबत होतो. जिनिंगवर गाडी खाली केली, कापूस ढिगात गेला आणि मी खिसा चाचपला. ढीग घराएवढा!

मी त्या ढिगात शिरून दिवसभर हुडकलं. संध्याकाळी पांढरा भुतासारखा बाहेर आलो. भाऊ म्हणाला, "जाऊ दे बे. त्या कापसाचा शर्ट निंगन, तवा चावी खिशातच भेटन!"

मग शिव्या. माय जवळ असली की भाऊ मला तेलुगूत शिव्या द्यायचा, कारण मायला तेलुगू येत नाही. "सोंबेरी! दुन्नपोता!" म्हणजे, आळशी! रेड्या!

माय शेजारणीला सांगायची, "पाय वं, लहान्यासंगं किती मायेनं बोलते."

*

आसिफाबादच्या बाजारात लिंबाखाली उस्मानचाचा चाव्या बनवायचा. एक पत्र्याची पेटी आणि एक कानस, एवढंच दुकान. जुनी चावी आणि कोरी चावी एकाला एक लावून चिमट्यात धरायची आणि घासत बसायचं.

भाऊनं मला असलीवरून एक डुप्लिकेट करून दिली होती. ती हरवेल या भीतीनं मी तिच्यावरून दुसरी करून घेतली. मग पहिली हरवली. मग दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून चौथी. सातवी नापास माणसाचं डोकं, पण भीती पदवीधर!

उस्मानचाचा दर वेळी सांगायचा, "असली लाओ, बेटा. नकल की नकल में शकल नहीं रहती."

असली मागायची तर भाऊला कारण सांगावं लागलं असतं. मी म्हणायचो, "चाचा, तुम घिसो."

*

सातव्या चावीची गोष्ट वेगळी होती. ती फिरायची, पण गाडी डावीकडे जराशी कलली तरच. म्हणजे पुढच्या सीटवर वजनदार माणूस पाहिजे.

एकदा शाळेचे एक गुरुजी सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसले. अंगानं काडी. मी त्यांना उठवून एका जाड शेठला बसवलं. गुरुजी भडकले, "मी आधी आलो. मला काऊन उठवलं?"

मी म्हटलं, "गुरुजी, तुमच्यानं गाडी चालू होत नाई!"

ते पुन्हा कधी माझ्या फेरीला बसले नाहीत. भाऊच्या गाडीत बसायचे. गाडी तीच!

*

नववी चावी पहिल्या झटक्यात लागली. मी खूश. पॅसेंजर भरले, निघालो. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर समोर पाहिलं, तर काचेवरचा फोटो बदललेला. आमच्या गाडीत बाबासाहेब. इथे हनुमान!

ती गंगारामची गाडी होती. गंगाराम आमच्या मागच्या नंबरचा, भाऊचा दोस्त. परत आलो तर दोघं स्टँडवर कमरेवर हात ठेवून उभे. गंगाराम काही बोलायच्या आत भाऊनं मला विचारलं, "रस्त्यानं हॉर्न वाजवला होता?"

"हो."

"वाजला?"

"वाजला."

"मंग तवाच नाई समजलं का बे, का आपली गाडी नोहे?"

*

आता हा किस्सा. तीन महिने झाले.

भाऊला कावीळ झाली. नऊ दिवसांत गेला. त्याच्याच गाडीतून त्याला नदीवर नेलं. गाडी मी चालवली. भाऊची असली चावी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातात आली. काय लागली सांगू! लोण्यात बोट जावं तशी.

अग्नी द्यायच्या आधी मला काय झालं कोण जाणे. मी ती चावी काढली आणि त्याच्या छातीवर, खिशाच्या जागी ठेवली. जिथली तिथे. कोणाचं लक्ष नव्हतं. मग अग्नी दिला.

परत निघताना गंगाराम म्हणाला, "चाल, गाडी काढ."

मी उभाच. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सरणाकडे पाहिलं. "लहान्या, कोनती ठेवली बे?"

"असली."

आलेल्या माणसांनी गाडी ढकलत घरी आणली. दोन किलोमीटर! अर्ध्या रस्त्यात गंगाराम घाम पुसत म्हणाला, "सुधाकर वरतून पाहून राह्यला असन. आता शिवी येईनच."

मी खरंच वाट पाहिली.

*

स्टँडचा नियम असा की, घरात मौत झाली तर तेरवीपर्यंत गाडीचा नंबर धरून ठेवतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी लाइनीत नसली की नंबर गेला. मग शेवटी उभं राहायचं, जिथे दिवसातून एक फेरी मिळाली तर मिळाली. घरी माय, वहिनी आणि भाऊची दोन पोरं. खिळ्यावरच्या अकराही लावून पाहिल्या, सातवीसुद्धा; सगळ्या झिजलेल्या, आता एकही फिरेना.

मिस्त्री म्हणाला, "स्विच काढून फेकतो, नवा बसवतो. दहा मिनिटांचं काम." मी त्याच्यावर पाना उगारला. त्या स्विचमध्ये भाऊ रोज चावी फिरवायचा. तो फेकू देणार नव्हतो मी. वायर तोडून डायरेक्ट चालूही करू दिली नाही.

वहिनी दारातून सगळं पाहत होती. म्हणाली, "भाऊजी, स्विच ठेवा नाई त काढा. पन गाडी उभी राह्यली पायजे."

राख सावडायला गेलो तेव्हा सगळे अस्थी वेचत होते आणि मी चावी हुडकत होतो. मामा ओरडले, "अरे, भाऊ हुडकतं का चावी?" सापडली. पितळेची, काळी, वाकून जिलेबी झालेली.

*

तेरवीच्या आदल्या दिवशी ती घेऊन मी बसनं आसिफाबादला गेलो. सोबत खिळ्यावरच्या अकराही. उस्मानचाचानं जिलेबी तळहातावर घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. मग अकरा चाव्या एका हातानं बाजूला सारल्या.

"इससे नहीं बनेगी, बेटा. पर तेरी वाली के बाद तेरा भाई असली से एक और बनवा के ले गया था. साथ में मेरे लिए दो चाय भी लाया था, लक्ष्मम्मा के होटल से."

"वो चाबी कहाँ है?"

"मुझे क्या मालूम? मैंने चाय पी, उसने चाबी ली."

लक्ष्मम्माचं हॉटेल आसिफाबादच्या जीप स्टँडवर. बाई तेलुगू, पण आमच्याशी मोडकी मराठी बोलते. भाऊ तिच्याकडे रोज चहा प्यायचा. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिनं मला पाहिलं आणि चुलीवरचं पातेलं खाली उतरवलं.

मी म्हटलं, "अम्मा, भाऊनं इथे चावी ठेवली होती का?"

तिनं मागच्या फळीवरून साखरेचा डबा काढला, त्यात हात घातला, चिंधीत बांधलेली चावी काढली. मी हात पुढे केला. तिनं मूठ मिटली.

"तसंच नाही द्यायचं. तुझा अन्ना सांगितला. लहान्या सगळ्या चाव्या हरवून येईल, बोलला. आधी बोलायचं, मग द्यायचं."

"काय बोलायचं?"

लक्ष्मम्मानं पदरानं तोंड पुसलं. हॉटेलात सात-आठ गिऱ्हाइकं होती. सगळ्यांसमोर ती माझ्या अंगावर ओरडली.

"सोंबेरी! दुन्नपोता!"

आणि चावी माझ्या हातावर ठेवली.

मी ती खिशात घातली. वरच्या. पण हललो नाही तिथून.

"आता काय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "अम्मा, अजून एकदा."