आत्याचं एकुलतं एक रॅप

आमच्या आत्यानं ज्याला शिवी दिली नाही असा माणूस बीड जिल्ह्यात एक तर जन्मायचा असतो, नाहीतर तिच्या दारावरून जायचा राहिलेला असतो. शिवी देताना ती वय, हुद्दा, पक्ष काही बघत नाही. तलाठी आला तर तलाठ्याला, पाऊस आला नाही तर ढगाला. एकदा गेवराईला एसटी उशिरा आली म्हणून तिनं कंडक्टरची अशी पूजा बांधली की त्या बिचाऱ्यानं तिला खिडकीची जागा दिली. पण तिच्या शिवीत द्वेष नसतो, ठेका असतो. एका हातानं बादली वाजवत, श्वास न घेता, यमकासकट. ज्याला बसते तोही मान डोलावतो.

तो मोठा दुष्काळ पडला तेव्हा दूध सोसायटीनं गावाबाहेर चारा छावणी काढली. सोसायटीचे चेअरमन आमचे वडील, आण्णा, म्हणजे आत्याचा सख्खा धाकटा भाऊ. गावातच दिलेली आत्या आपली जनावरं घेऊन छावणीत राहायला गेली. ठेकेदार पेंड कमी टाकायचा आणि आण्णा, माणूस भला पण भिडस्त, टोपी सारखी करत गप्प बसायचे. एका सकाळी आत्याचा तांबडा बैल उठेचना. तिनं बादली पालथी घातली आणि सगळ्या छावणीसमोर भावाचा उद्धार सुरू केला. तिथंच उभा होता माझा धाकटा भाऊ बाळ्या. हा पुण्याला इंजिनिअर व्हायला गेला आणि ढगळ पँट घालून रॅपर होऊन परतला होता. त्यानं मोबाईलवर सगळं टिपलं, मागे धाडधाड बीट टाकली, मधे मधे स्वतः "यो यो" असं ओरडला आणि गाणं इंटरनेटवर सोडून दिलं.

"चेरमन माजा सख्खा भाव,
ढोरानं माज्या काय खावं?
पेंड गेली कुनाच्या पोटी?
मुडद्या, तुजीच ढेरी मोठी!"

बघता बघता ते घाटनांदूरच्या बाजारापर्यंत वाजायला लागलं. पुण्याच्या एका समीक्षकानं त्यात ओवीचा विद्रोही आविष्कार पाहिला. बाळ्यानं ते वाचून दाखवल्यावर आत्या भडकली, "ओवी? कोन मेल्यानं ओवी म्हनली? शिव्या हायत त्या!" गावातल्या निवृत्त गुरुजींनी गाणं अश्लील ठरवलं आणि अश्लीलता नीट तपासावी म्हणून रोज जेवणानंतर ऐकू लागले. विरोधी पॅनलनं ते जीपवर लावलं. छावणीतल्या बायकांचं मत मात्र पक्कं होतं, की मूळच्या शिव्या लई सरस होत्या, त्या पोरानं मधे ओरडून वाटोळं केलं.

आण्णा दुसऱ्या दिवसापासून स्वतः काट्यापाशी उभे राहून पेंड मोजून घ्यायला लागले. बैल उठला, पण बहीण-भावाचं बोलणं तुटलं. "न्हाई बोलला तर न्हाई. माजं काय आडलंय?" असं आत्या ऐटीत सांगायची आणि हळूच बाळ्याला विचारायची, "जेवतो का रं त्यो नीट?"

दिवाळी आली. भाऊबीजेला आत्यानं पाट मांडला, उचलला, पुन्हा मांडला. मी आणि बाळ्या करंज्या खाण्याचं निमित्त करून तिथंच बसलो होतो. आण्णा येतील असं मला खरंच वाटत नव्हतं. दिवेलागणीला ते आले, टोपी सारखी करत पाटावर बसले. आत्यानं ताट उचललं तसे म्हणाले, "अक्का, आदी ते गानं म्हन. तोंडावर म्हन. मग ओवाळ."

आत्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. उभ्या जन्मात तिला पहिल्यांदा शब्द सापडेना. मग आण्णांनीच मांडीवर थाप मारत सुरू केलं, "चेरमन माजा सख्खा भाव..." सगळं पाठ! माणसानं चोरून किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. ढेरीपर्यंत पोचले तेव्हा आत्या घळाघळा रडत होती.

"मुडद्या," ती म्हणाली, "ताल कावून सोडतूस?" आणि ताट खाली ठेवून तिनं बादली जवळ ओढली.

आण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. फार आठवण येते. बाळ्या अजून आत्याच्या मागे लागतो, की एक तरी नवं गाणं करू. ती त्याला रीतसर शिव्या घालते, पण बादलीला हात लावत नाही.

"कुनावर करू रं?" म्हणते. "ऐकून घेनारा गेला की."